मंदाच्या बागेतल्या दोन खुर्च्या

बॉथेल

युरोप पुन्हा उघडल्याची बातमी मला शेजारच्या ऋचाने दिली. ऋचा आणि तिचा नवरा कौस्तुभ मूळचे नागपूरचे, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. सिॲटलजवळच्या आमच्याच टाउनहाउसच्या रांगेत, माझ्यापासून दोन दारं सोडून राहतात. लॉकडाउनमध्ये माझं वाणसामान हीच मुलं आणायची, पायरीवर ठेवायची आणि बेल वाजवून मागे सरकायची. त्या दिवशी मास्क हनुवटीवर ओढून ऋचा म्हणाली, “काकू, लस घेतलेल्या अमेरिकन लोकांना इटली घेतंय आता. टेस्ट निगेटिव्ह पाहिजे फक्त. तुम्ही जाऊन या बहिणीकडे.”

“तुम्हीही चला की.”

“जाऊ हो, पण परत कसे येणार? व्हिसावाल्यांना युरोपातून इकडे यायला अजून बॅन आहे. आणि इंडियाला गेलो तर व्हिसा स्टॅम्पिंगची अपॉइंटमेंट मिळत नाहीये, तिकडेच अडकायचो. तुम्ही सिटिझन. तुमचं बरंय.”

“एकटीने एवढा प्रवास करायचा म्हणजे...”

“एकट्याच तर आहात दीड वर्षं,” ती बोलून गेली, आणि मग पायरीवरच्या पिशवीकडे बघत राहिली.

तिचं काही चुकलं नव्हतं. माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा टेक्सासला, फ्रिस्कोमध्ये. मी इथल्या एका बायोटेक कंपनीच्या लॅबमधून रिटायर झाले आणि पाठोपाठ कोविड आला. सकाळी पाऊस, दुपारी पाऊस, संध्याकाळी फोन. पार्लर बंद म्हणून तीस वर्षं कापून ठेवलेले केस वाढत वाढत पाठीवर आले, तरी ते पाहायला घरात कुणी नव्हतं.

माझी धाकटी बहीण मंदा इटलीत असते. आर्किटेक्चर शिकायला मिलानला गेली, तिथे एन्झोशी लग्न केलं, आणि आता दोघं उत्तर इटलीतल्या ओर्टा नावाच्या छोट्या तळ्याकाठी राहतात. कोविडच्या आधी तिची किडनी बदलली होती. ती बसवलेली किडनी शरीराने झिडकारू नये म्हणून जन्मभर औषधं घ्यावी लागतात, आणि त्या औषधांनी प्रतिकारशक्ती खाली जाते. तिला लस दिली, पण डॉक्टर म्हणाले, ती जवळजवळ लागूच पडलेली नाही.

दुसऱ्या लाटेत आमची आई गेली, सांगलीच्या हॉस्पिटलमध्ये. मंदा जाऊ शकत नव्हती. मी तिकीट काढलं, ते कॅन्सल झालं, दुसरं काढेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दादाने, आमच्या भावाने, लांबून अग्नी दिलेला पाहिला आणि आम्ही दोघी बहिणींनी तो दादाच्या फोनवरून पाहिला. मध्येच चित्र थांबलं. मी इकडून “ऐकू येतंय का?” म्हणत राहिले, मंदा तिकडून तेच म्हणत राहिली, आणि चित्र पुन्हा सुरू झालं तेव्हा लोक घरी निघाले होते.

त्यानंतर दर रविवारी आम्ही तासतासभर बोलायचो, पण आईबद्दल नाही. टोमॅटोबद्दल, मास्कबद्दल, माझ्या गुडघ्याबद्दल. एका रविवारी ती एकदम म्हणाली, “ताई, तू ये. फोनवर नाही बोलता येत.” थोडं थांबून पुढे म्हणाली, “पण तुला घरात नाही घेता येणार गं. एन्झोने कुणालाच घेतलेलं नाही.”

“अगं, मी कुठेही राहीन,” मी म्हटलं.

मुलाला कळवलं. तो म्हणाला, “आई, व्हाय नाऊ? आधी इकडे ये ना.” मी म्हटलं, तुझ्याकडे येता येतंच आहे, कधीही. सप्टेंबरात ऋचाने मला सिॲटलच्या विमानतळावर सोडलं. बॅगेत भाजणी, मेतकूट, लसणीची चटणी, आणि पर्समध्ये टेस्टचा कागद आणि लसीचं ते पांढरं कार्ड. ते कार्ड कोणत्याही पाकिटात मावत नाही. अमेरिकेत एवढी अक्कल असलेली माणसं आहेत, पण ते कार्ड करताना कुणी पाकीट हातात घेऊन बघितलेलं दिसत नाही.

ओर्टा

विमानाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मास्क लावून झोपायचा प्रयत्न केला, एवढंच. मिलानहून बसने नोव्हारा, आणि तिथून दोन डब्यांची गाडी. भाताची खाचरं लागली तेव्हा मी खिडकीला नाक लावलं. कापणीला आलेला, पिवळा पडलेला भात. इटलीत भात पिकतो हे मंदाने अनेकदा सांगितलं होतं, पण ते मी तिच्या कौतुकाच्या गोष्टींपैकी एक समजत होते. हळूहळू जमीन चढायला लागली, डोंगर जवळ आले आणि एका लहानशा, चढावरच्या स्टेशनवर मी एकटीच उतरले.

फलाटाच्या दुसऱ्या टोकाला एन्झो उभा होता. उंच, पांढरी दाढी मास्कच्या खालून बाहेर आलेली. एरवी हा माणूस दोन्ही गालांना गाल लावून, वर मिठी मारून भेटणारा. त्याने छातीवर हात ठेवला, मान लववली आणि म्हणाला, “ताई.” मराठीतले तीनचार शब्द येतात त्याला, त्यातला हा पहिला.

माझी बॅग त्याने गाडीच्या डिकीत ठेवली. मला मागे, त्याच्या तिरक्या बाजूला बसवलं आणि चारही काचा खाली केल्या. वारा इतका आत येत होता की बोलणं शक्यच नव्हतं. मला वाटतं, आम्हा दोघांनाही ते सोयीचं पडलं. आम्ही तिघं एका घरात कधीकाळी रात्ररात्र पत्ते खेळलेली माणसं, आणि आता मी त्याच्या डोक्याच्या मागच्या भागाकडे बघत वळणं मोजत होते.

गावात गाडी जात नाही. दगडी गल्ल्या, दगडी पातळ फरशांची छपरं, आणि गल्ली संपते तिथे एकदम तळं. तळ्याच्या मध्यात एक बेट, त्यावर चर्च आणि मठ. माझी खोली चौकाच्या मागच्या एका छोट्या हॉटेलात होती. मालकीण पिएराबाई साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी आधी माझ्या कपाळाला बंदुकीसारखा थर्मामीटर लावला, आकडा पाहिला, मग हसल्या. जेवणघरात निम्मी टेबलं एकावर एक रचून चादरीने झाकली होती. नाश्ता बाहेर, अंगणात, लांब लांब मांडलेल्या टेबलांवर.

“मंदा?” मी एन्झोला विचारलं.

“उद्या. बागेत,” तो इंग्रजीत म्हणाला. “आज तू झोप. मी सगळं मांडून ठेवलंय.”

बाग

मांडून ठेवलंय म्हणजे काय ते दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांचं घर गावाच्या वर, टेकडीच्या उतारावर आहे. मागच्या बागेत, एका टोकाला अंजिराच्या झाडाखाली एक खुर्ची आणि दुसऱ्या टोकाला टोमॅटोच्या वाफ्याजवळ दुसरी. मध्ये एवढं अंतर की लग्नाची एक पंगत आरामात उठली असती. एन्झोने मला अंजिराखाली बसवलं आणि आत गेला.

मंदा बाहेर आली. पांढरा जाड मास्क, निळा झब्बा. औषधांनी चेहरा गोल झाला होता, हे मास्कच्या वरूनही दिसत होतं. फोनवर ती गोलाई कळली नव्हती. ती तिच्या खुर्चीपर्यंत आली, खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. मीही उठले. आम्ही तशाच उभ्या राहिलो. काय करायचं असतं अशा वेळी, ते दोघींनाही सुचेना.

“ताई, केस वाढवलेस?” ती म्हणाली.

“हो, पार्लर बंद होती ना.”

“छान दिसतात. पांढरे शोभतात तुला.”

“तू बारीक झालीस.”

“नाही गं, जाडी झाले.”

मग बसलो. खरं तर ज्यासाठी आले होते ते बोलायचं होतं, पण एवढ्या लांबून बोलायचं म्हणजे आवाज चढवावा लागतो. मास्कमुळे आणखी. शेजारच्या बागेत एक म्हातारा द्राक्षाच्या वेलीची पानं काढत होता. त्याला मराठीचं एक अक्षर कळलं नसतं, तरीही “आई कशी गेली” हे ओरडून विचारता येईना. म्हणून मी ओरडून विमानातलं जेवण कसं होतं ते सांगितलं. तिने ओरडून या वर्षी अंजिरं कमी आल्याचं सांगितलं. एक गांधीलमाशी तिच्या भोवती फिरत होती. सांगलीला असती तर मी उठून पदराने हाकलली असती.

एन्झो मध्येच बाहेर येऊन बघून जायचा. शाळेत परीक्षेच्या वेळी सुपरव्हायजर फिरतात तसा. मला त्याचा राग आला आणि लगेच लाजही वाटली. या माणसाने दीड वर्ष तिला जिवंत ठेवलं होतं.

निघताना मंदा म्हणाली, “अजून बरेच दिवस आहेस ना? होईल बोलणं.”

माझी बॅगेतली भाजणी एन्झोने गॅरेजमध्ये दोन दिवस ‘क्वारंटाइन’ करून ठेवली. मग एका दुपारी तो हॉटेलच्या दारात आला, फॉइलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी पायरीवर ठेवलं आणि मागे सरकला. गरम थालीपीठ होतं, वर लोण्याचा गोळा वितळलेला. पिएराबाईंना अर्धं दिलं. त्यांनी वास घेतला, लहानसा तुकडा तोडला, मग उरलेलं सगळं खाल्लं. त्या बदल्यात संध्याकाळी त्यांनी मला पोलेंता दिला. मक्याच्या कण्यांचा घट्ट शिजवलेला उपमा म्हणता येईल, फक्त फोडणी नाही. मी खोलीत जाऊन त्यावर लसणीची चटणी घातली, तेव्हा तो घशाखाली उतरला.

बेट

त्यानंतर दोनच दिवसांनी पिएराबाई नाश्त्याच्या वेळी अंगणात आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी बिनसलंय ते कळलं. आदल्या दिवशीपर्यंत माझ्या पलीकडच्या टेबलावर बसणारं एक जर्मन जोडपं होतं. त्यातल्या नवऱ्याची टेस्ट पॉझिटिव्ह आली होती. आरोग्य खात्याला कळवून झालं होतं. आम्ही सगळे उघड्यावर, लांब बसलो होतो, म्हणून बाकीच्या पाहुण्यांना फिरायला हरकत नाही, असं खात्याने सांगितलं होतं.

आरोग्य खात्याची हरकत नव्हती, एन्झोची होती. मीच त्याला फोन करून सांगितलं. न सांगता गेले असते तरी त्याला कळलं नसतं, पण ते मनातही आलं नाही.

“ताई, आय ॲम सॉरी,” तो म्हणाला. “टेस्ट कर. काही दिवसांनी पुन्हा कर. मग बघू.”

“माझं परतीचं तिकीट आहे, एन्झो.”

“माहीत आहे.”

मागून मंदाचा आवाज आला, इटालियनमध्ये, चढलेला. मग दार लावल्यासारखा आवाज आणि फोन बंद झाला.

तेव्हापासून मी पर्यटक झाले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. गावही नुकतंच पर्यटकांची सवय परत करून घेत होतं. दुकानदार दारात उभं राहून हातावर सॅनिटायझर ओतायचे, इतका की हात पुसायला रुमाल काढावा लागे. सकाळी चौकात बाकावर बसायचं, तळ्याकडे बघायचं. लोक जोडीजोडीने, कुटुंबच्या कुटुंब यायचे, मास्क काढून फोटो घ्यायचे, परत लावायचे. एका बाईने मला फोटो काढायला सांगितलं, मी हात पुढे केला, तेवढ्यात तिला काही आठवलं आणि तिने फोन मागे घेतला. “नो, नो, सॉरी,” म्हणाली. वाईट वाटून घेण्यासारखं नव्हतं. पण मी तो पुढे केलेला हात काही वेळ तसाच मांडीवर ठेवून बसले.

एका दुपारी जोराचा पाऊस आला आणि मी चौकातल्या एका खानावळीत शिरले. बाहेर बसायला काही लागत नाही, आत बसायचं तर लसीचा पास दाखवावा लागतो. दारातल्या मुलीने माझ्या कार्डावर फोन धरला. त्यांचे पास फोनमध्ये चौकोनी ठिपक्यांचे असतात. माझ्या कार्डावर फार्मसीतल्या माणसाचं वाकडंतिकडं अक्षर. तिने कार्ड उलटं केलं, सुलटं केलं, आणि मालकाला हाक मारली. मागे चारपाच माणसं भिजत उभी राहिली. मालकाने कार्ड पाहिलं, पासपोर्ट पाहिला, मग मला पाहिलं.

“अमेरिकाना?”

“हो. पण इंडियाना,” मी म्हटलं.

“दोन्ही?”

“दोन्ही.”

त्याने खांदे उडवले आणि मला खिडकीजवळच्या, एकट्यासाठीच्या टेबलावर बसवलं. रिसोतो मागवला. मऊ गुरगुट्या भातात चीज घालावं तसा लागतो. आजारपणात आई द्यायची तसा मऊ, पण तूप आणि मेतकुटाची जागा चीजने घेतलेली. भोवती सगळ्या टेबलांवर माणसं एकदम बोलत होती. पुष्कळ दिवसांनी एकत्र जेवणाऱ्या माणसांचा आवाज वेगळा असतो, थोडा जास्तच मोठा. मी लवकर उठले.

त्या दिवशी हॉटेलात मी एकटीच पाहुणी उरले होते. पिएराबाईंनी चहा आणला आणि विचारल्याशिवाय लांबच्या खुर्चीवर बसल्या. त्यांना इंग्रजी जेमतेम येतं, मला इटालियन अजिबात नाही. त्यांनी भिंतीवरच्या फोटोतल्या जाड मिशांच्या माणसाकडे बोट दाखवलं. नवरा. पहिल्या लाटेत, नोव्हाराच्या हॉस्पिटलात. मग हाताची मूठ कानाशी नेली आणि म्हणाल्या, “तेलेफोनो.” निरोप फोनवर घेतला होता. मी माझ्याकडे बोट केलं, म्हटलं, “मम्मा. इंडिया.” आणि मीही मूठ कानाशी नेली. त्यांनी मान हलवली. चहा गार होईपर्यंत आम्ही तशाच बसलो. मग त्यांनी कप उचलले.

दुसऱ्या दिवशी छोट्या होडीने बेटावर गेले. बेटाला वळसा घालणारी एकच गल्ली आहे आणि त्या गल्लीत जागोजागी शांततेवर वाक्यं लिहिलेल्या पाट्या लावल्या आहेत. मठातल्या नन्स बाहेर येत नाहीत. त्यांच्या भिंतीलगत चालताना फक्त कुठूनतरी भांड्यांचा आवाज येतो. मला त्या पाट्यांचा कंटाळा आला. गप्प बसायला शिकण्यासाठी मला इतक्या लांब येण्याची गरज नव्हती.

तेवढ्यात मंदाचा फोन आला. “कुठे आहेस?”

“बेटावर.”

“पुढे ये, धक्क्यापाशी. मी गच्चीत आहे, एन्झोची दुर्बीण घेऊन.” मी धक्क्याच्या टोकाशी जाऊन उभी राहिले. “अजून थोडी डावीकडे... दिसलीस. लाल छत्री तुझीच ना?”

“माझीच.”

“हात कर बघू.”

मी हात केला. समोर टेकडीवर कितीतरी घरं होती, सगळी पिवळट, सगळ्यांना दगडी छपरं. त्यातलं तिचं कुठलं ते मला ओळखू येईना.

“मंदा, मला तू नाही दिसत.”

“मी बघतेय ना तुला,” ती म्हणाली. “तू नुसती उभी राहा.”

मी उभी राहिले. होडीवाला दोनदा येऊन गेला. फोनवर तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मी छत्री मिटली, म्हणजे तिला माझं तोंड नीट दिसावं.

परत बाग

गावच्या फार्मसीबाहेर पांढरा तंबू होता. तिथे मी टेस्ट केली, निगेटिव्ह आली. काही दिवसांनी परत जायचंच होतं, कारण निगेटिव्ह कागदाशिवाय अमेरिका विमानात बसू देत नव्हती. त्या दुसऱ्या टेस्टचा निकाल मी तंबूबाहेरच्या कठड्यावर बसून वाट पाहून घेतला आणि फोटो काढून एन्झोला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी गाडी होती.

थोड्या वेळाने त्याचा निरोप आला: ये.

खुर्च्या पूर्वीच्याच जागी होत्या. मंदा आधीच बाहेर येऊन बसली होती. एन्झोने माझा कागद हातात न घेता, वाकून, चष्मा वर करून वाचला. सगळा वाचला. मग त्याने मंदाकडे पाहिलं. ती त्याला इटालियनमध्ये काहीतरी म्हणाली, अगदी हळू. नळाची नळी उचलून तो टोमॅटोच्या वाफ्याकडे गेला आणि आमच्याकडे पाठ करून पाणी घालायला लागला.

“ताई, खुर्ची फिरव,” मंदा म्हणाली. “तळ्याकडे तोंड कर.”

“का?”

“फिरव गं. आणि मास्क काढू नकोस.”

मी खुर्ची फिरवली. समोर तळं, ऊन उतरत आलेलं. मागे पायवाटेच्या वाळूवर तिची पावलं वाजली. जवळ येत गेली, आणि मग माझ्या डोक्यावर तिचे हात आले.

दीड वर्षात मला कुणी शिवलं नव्हतं. लस टोचणारी आणि नाकात काडी घालणारी माणसं सोडून. मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

“तेल थंड आहे हं,” ती म्हणाली. खोबरेल होतं. तिने ते टाळूवर थापलं, बोटांनी मुरवलं, मग फणीने केस मागे ओढले. शाळेत जाताना तिच्या दोन वेण्या मी घालायचे. ती हलली की डोक्यात टपली मारायचे. आता मी हलत नव्हते.

“आईचं शेवटचं बोलणं माझ्याशी झालं, ते माहिती आहे ना तुला?”

“हो. वॉर्डातल्या सिस्टरने मला लावला होता फोन, लागला नाही. मग तुला लावला.”

“आईने मला ओळखलं नाही गं.” फणी थांबली, परत चालू झाली. “तोंडावर ऑक्सिजन, सिस्टरच्या हातात फोन हलत होता. तिला सांगितलं असेल, मुलीचा फोन आहे. ती मला ‘ताई’ म्हणाली. ताई, मंदाकडे बघ हं. तिची तब्येत नाजूक आहे. मी दवाखान्यात आहे ते तिला सांगू नकोस.”

मी मागे वळायला गेले. तिने दोन्ही हातांनी माझं डोकं धरून परत तळ्याकडे केलं.

“वळू नकोस.”

“मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? म्हटलं, हो आई, बघते मी. तुझ्यासारखा आवाज काढला. तू बोलतेस ना, जरा शेवटी ओढून, तसा. मग ती म्हणाली, आता झोप, तुझ्याकडे रात्र असेल. बास. सिस्टरने फोन काढून घेतला.”

तिने केसांचे तीन भाग केले. मला टाळूवर तिन्हींची ओढ जाणवत होती.

“मी मंदाच आहे, असं मी सांगितलं नाही तिला,” ती म्हणाली. “सांगायला हवं होतं का? ती निवांत झाली होती गं ताई. खरंच. कपाळावरची आठी गेली.”

“बरं केलंस.”

“ते तुझ्यासाठी होतं. माझ्याकडे राहिलं. फोनवर सांगायचं नव्हतं, आणि त्या खुर्चीवरून ओरडून कसं सांगू?”

मास्क आतून ओला झाला होता. मागे तीही रडत होती हे मला ऐकू आलं नाही, हातांवरून कळलं. प्रत्येक पेड घालताना ती गरजेपेक्षा जास्त ओढत होती आणि ते दुखत होतं, आणि मी तिला हळू म्हटलं नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला दिसत होतं, वाफ्यातलं पाणी वरून वाहून पायवाटेवर यायला लागलं होतं. एन्झो तसाच पाठमोरा नळी धरून उभा होता.

वेणी संपली, पण बांधायला काही नव्हतं. “एन्झो, स्पागो,” तिने हाक मारली. त्याने न वळता खिशातून टोमॅटो बांधायच्या सुतळीची गुंडी काढली आणि मागे फेकली. तिने टोक बांधलं, मास्क होता म्हणून दाताने न तोडता कात्रीने कापलं, आणि तळहात एकदा माझ्या डोक्यावर सपाट ठेवला.

“आता मी खुर्चीवर जाते. मग वळ.”

मी वाळूवरची पावलं लांब जाईपर्यंत थांबले. वळले तेव्हा ती तिच्या जागी बसली होती, हात मांडीवर, तेलाने चकाकत असलेले.

“औषधाची वेळ झाली ना तुझी?” मी ओरडून विचारलं.

“हो.”

“मग ऊठ. घे जा.”

ती उठली.

बॉथेल

परतीच्या विमानात सीटला मान टेकली की वेणी मध्ये यायची. पुढे घेतली असती तर नीट झोप लागली असती. मी ती मागेच राहू दिली.

सिॲटलला ऋचा न्यायला आली होती. गाडीत बसल्या बसल्या म्हणाली, “काकू, फोटो दाखवा ना. काय काय पाहिलं?” मी फोन दिला. तळ्याचे पाचसहा फोटो, बेट, पोलेंताची ताटली, आणि बागेतल्या एका रिकाम्या खुर्चीचा एक. तिने सगळे पाहिले आणि बहिणीचा का नाही, असं विचारलं नाही.

हायवेवर नेहमीचा झिमझिम पाऊस होता. बॉथेलचं वळण घेऊन आम्ही पहिल्या सिग्नलला थांबलो. मी समोरची काच पुसायला वाकले, तेव्हा तिचं लक्ष माझ्या पाठीकडे गेलं.

“वेणी मस्त आहे,” ती म्हणाली. “कोणी घातली?”

“मंदाने.”

“माझी आई पण अशीच घट्ट घालते. डोकं ठणकतं दिवसभर.”

ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. तिने तोंड पलीकडच्या खिडकीकडे केलं, दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच. तिला नागपूरला घरी जाऊन किती दिवस झाले हे मला माहीत होतं, आणि अजून किती लागतील हे तिलाही माहीत नव्हतं. सिग्नल हिरवा झाला. मागे गाड्यांची रांग होती, पण कुणी हॉर्न वाजवला नाही. मीही तिला चल म्हटलं नाही. वायपर चालत होते, हिरवा दिवा ओल्या काचेवर पसरला होता, आणि आम्ही थांबून राहिलो.